'मलेरिया आता संपलाच!' : अवास्तव आशावादाची एक जुनी गोष्ट

1963 साली दिल्लीतल्या एका नामवंत सरकारी संस्थेचं नाव बदललं. तोवर ती 'मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' म्हणून ओळखली जात होती. नवं नाव होतं 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेबल डिसीजेस', म्हणजे संसर्गजन्य रोगांची राष्ट्रीय संस्था. त्यामागचं कारण वरवर पाहता रास्त होतं. देशातला मलेरिया झपाट्याने कमी होत होता. तेव्हा संस्थेने आता इतर रोगांकडेही वळावं, असा विचार झाला.

त्यानंतर 14 वर्षांनी, 1977 मध्ये, दिल्लीतच 'मलेरिया रिसर्च सेंटर' नावाची नवी संस्था सुरू करावी लागली.

पाटीवरून उतरलेला शब्द पुन्हा पाटीवर का चढवावा लागला, याची ही गोष्ट आहे. ती वैद्यकाच्या इतिहासातली आहेच, पण माणसाच्या मनाबद्दलही ती बरंच काही सांगते. 'आता काही होत नाही' असं वाटायला लागलं की आपण नेमकं काय करतो, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतं. मानसशास्त्रात याला 'अवास्तव आशावाद' म्हणतात.

दर चार-पाच माणसांमागे एक

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशाची लोकसंख्या 33-34 कोटींच्या आसपास होती. त्यात दरवर्षी साधारण साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि सुमारे 8 लाख लोक त्याने दगावतात, असा त्या काळचा अंदाज होता. म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एकाला दरवर्षी हिवताप. हुडहुडी भरून येणारा ताप, अंगावर चार घोंगड्या टाकल्या तरी न थांबणारी थंडी, मग घामाने भिजून ताप उतरणं आणि पुन्हा तेच. पावसाळ्याच्या शेवटी डास वाढत आणि नेमका तोच शेतीच्या कामांचा हंगाम. घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की पीक शेतात उभं राही.

एखाद्या भागात मलेरिया किती आहे हे ठरवण्याची त्या वेळची सोपी रीत होती. डॉक्टर गावातल्या लहान मुलांची पोटं तपासत. वारंवार मलेरिया झालेल्या मुलांची प्लीहा, म्हणजे पाणथरी, वाढलेली असे आणि ती बोटांना लागे. काही गावांत निम्म्याहून अधिक मुलांची पाणथरी वाढलेली असायची.

रोग डासांमुळे पसरतो हे माहीत होतं. मलेरियाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, हे रोनाल्ड रॉस यांनी 1897 साली सिकंदराबादमध्ये दाखवून दिलं होतं. मुंबईत चार्ल्स बेंटली यांनी 1911 साली आपल्या अहवालात शहरातल्या मलेरियाचा संबंध घराघरांतल्या विहिरींशी जोडला होता. पण उपाय कष्टाचे होते : विहिरी झाका, डबकी बुजवा, पाण्याचा निचरा करा, क्विनीन वाटा. हे काम कधीच संपत नसे.

भिंतीवरचं पांढरं औषध

1939 साली स्वित्झर्लंडमधल्या पॉल म्युलर यांच्या लक्षात आलं की डीडीटी हे रसायन कीटकांना मारतं. त्यासाठी त्यांना 1948 चं नोबेल पारितोषिक मिळालं. मलेरियासाठी डीडीटीचा खरा गुण असा, की एकदा भिंतीवर फवारलं की ते अनेक महिने तिथे टिकतं.

त्याचा उपयोग समजून घ्यायचा तर डासाचा दिनक्रम पाहावा लागतो. ॲनॉफिलिस डासाची मादी माणसाचं रक्त पिते, जड होते आणि जवळच्या भिंतीवर विसावते. तिने मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलं असेल, तरी ती लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकत नाही. जंतू तिच्या शरीरात वाढून लाळेत पोचायला साधारण दहा-बारा दिवस किंवा जास्त लागतात. तेवढ्या काळात ती पुन्हापुन्हा भिंतीवर बसते. भिंतीवर डीडीटी असेल तर जंतू तयार होण्याआधीच ती मरते. म्हणजे जगातले सगळे डास मारायची गरज नाही, म्हाताऱ्या होणाऱ्या माद्या तेवढ्या कमी केल्या तरी साखळी तुटते. ही कल्पना अतिशय सुंदर होती आणि ती खरी ठरली.

आपल्याकडे त्याचा मोठा प्रयोग तेव्हाच्या मुंबई प्रांतात झाला. 1946 पासून डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली कारवार आणि धारवाड भागातल्या खेड्यांमध्ये घरोघर डीडीटी फवारलं गेलं. मलेरिया उतरला आणि गावकरीही खूश झाले. त्यांच्या खुशीचं एक कारण मलेरियाशी संबंधित नव्हतं. डीडीटीने ढेकूणही मरत होते.

आकडे खाली, आशा वर

1953 साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पाचेक वर्षांतच इतका फरक पडला की 1958 मध्ये कार्यक्रमाच्या नावातला एक शब्द बदलला. 'नियंत्रणा'च्या जागी 'निर्मूलन' आलं. ही हवा फक्त भारतात नव्हती. 1955 मध्ये मेक्सिको सिटीत भरलेल्या जागतिक आरोग्य परिषदेने जगातूनच मलेरिया हटवायचा ठराव केला होता. अमेरिकी तज्ज्ञ पॉल रसेल यांच्या त्याच वर्षीच्या पुस्तकाचं नाव 'मॅन्स मास्टरी ऑफ मलेरिया' असं होतं. 1958 मध्ये विश्वनाथन यांचंही पुस्तक आलं. त्याच्या नावातही भारतातल्या मलेरियावरचा विजय होता.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ही माणसं भाबडी नव्हती. डीडीटीला न जुमानणारे डास 1951 मध्येच ग्रीसमध्ये सापडले होते आणि ते सगळ्या तज्ज्ञांना ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच घाई होती. डास डीडीटीला सरावण्याआधीच मलेरिया संपवून टाकायचा, असा डाव होता. धोका कळला होता. फक्त आपण त्याच्या आधी पोचू, अशी खात्री होती.

योजना टप्प्याटप्प्याची होती. आधी तयारी. मग हल्ला, म्हणजे साधारण तीन-चार वर्षं सगळीकडे फवारणी. मग दृढीकरण : फवारणी थांबवायची आणि घरोघर फिरून तापाचा प्रत्येक रुग्ण शोधायचा. शेवटी देखभाल, म्हणजे हे काम नेहमीच्या आरोग्यसेवेकडे सोपवायचं.

दृढीकरणाच्या टप्प्यात मलेरियाचा कर्मचारी दर पंधरवड्याला दारात येई, कुणाला ताप आहे का विचारी, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेई, क्लोरोक्वीनच्या गोळ्या देई आणि भिंतीवर भेटीची तारीख लिहून पुढे जाई. आज साठी-सत्तरीत असलेल्या वाचकांना भिंतीवरच्या त्या तारखा आठवत असतील.

1961 साली देशभरात नोंदलेले रुग्ण सुमारे 50 हजार होते. साडेसात कोटींवरून 50 हजार! दोन्ही आकडे वेगवेगळ्या रीतीने काढलेले आहेत, पहिला अंदाज आहे आणि दुसरा नोंद. तरीही फरक डोळे दिपवणारा आहे. 1965 मध्ये नोंदलेले रुग्ण लाखभर झाले होते, पण मृत्यूंची नोंद शून्य होती. अशा वेळी 'आता थोडंच राहिलंय' असं कुणाला वाटणार नाही?

जे दिसत होतं, पण मोजलं गेलं नाही

तडे तेव्हाच पडायला लागले होते. ते एकेकटे पाहिले तर किरकोळ होते.

डास बदलत होते. ग्रामीण भारतात मलेरिया पसरवणारी मुख्य जात म्हणजे ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस. तिच्यात डीडीटी पचवण्याची ताकद 1959 च्या सुमारास तेव्हाच्या मुंबई राज्यात दिसू लागली होती.

लोकही बदलत होते. ढेकूण डीडीटीला सरावले आणि मरेनासे झाले, तशी लोकांना फवारणीची कटकट वाटू लागली. सामान बाहेर काढा, भिंती पांढऱ्या करून घ्या, वास सहन करा, आणि उपयोग काय? मलेरिया तर दिसतच नव्हता! फवारलेल्या भिंती शेणामातीने सारवल्या जात होत्या आणि भिंतीवरचं औषध त्याखाली गाडलं जात होतं. यात लोकांचा दोष काढणं सोपं आहे. पण ज्या संकटापासून आपण वाचलो ते संकट डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो फक्त उपायाचा त्रास.

शहरं योजनेबाहेरच राहिली होती. मोठ्या शहरांतले डास स्थानिक संस्थांनी पाहावेत, असं ठरलं होतं. शहरातला ॲनॉफिलिस स्टीफेन्सी विहिरींत आणि पाण्याच्या टाक्यांत वाढतो. भिंतीवरच्या फवारणीने त्याचं फारसं बिघडत नाही. शहरं वाढत होती, टाक्या वाढत होत्या, आणि गावातून शहरात, शहरातून गावात माणसांची ये-जा चालूच होती. शहरांसाठी वेगळी मलेरिया योजना आली ती 1971 मध्ये.

सर्वात मोठा तडा माणसांच्या फळीत होता. देखभालीच्या टप्प्याचं काम नेहमीच्या आरोग्यसेवेकडे द्यायचं होतं, पण खेड्यांत ती सेवाच पुरेशी उभी नव्हती. 1963 मध्ये डॉ. चढ्ढा यांच्या समितीने शिफारस केली, की दर 10,000 लोकांमागे एक मूलभूत आरोग्यसेवक असावा. त्याने घरोघर फिरून मलेरियावर नजर ठेवावी, जन्ममृत्यूची माहिती गोळा करावी आणि कुटुंबनियोजनाचंही काम पाहावं. एका माणसावर इतकी कामं टाकली की काय होतं? ज्याची वरून विचारणा होते ते काम होतं, बाकीची राहतात. त्या काळात विचारणा कुटुंबनियोजनाची होती. 1965 मध्ये मुखर्जी समितीला सांगावं लागलं की कुटुंबनियोजनासाठी वेगळी माणसं नेमा, म्हणजे मलेरियाच्या कामाकडे लक्ष राहील.

यात डीडीटीच्या पुरवठ्यातले अडथळे आले, परदेशी मदत आटली. प्रयोगशाळांत न तपासलेल्या काचपट्ट्यांचे ढीग साचू लागले. रुग्णाचं रक्त घेतल्यावर निदान व्हायलाच इतका उशीर होई, की तोवर त्याचा जंतू आणखी चारजणांपर्यंत पोचलेला असे. आणि काचपट्टी तपासलीच नाही, तर त्या रुग्णाची नोंदही होत नाही. कागदावरचा आकडा कमीच राहतो. ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोजणं सैल झालं की चांगली बातमी आपोआप मिळत राहते.

तज्ज्ञही आटत गेले. 'हा रोग पाच-दहा वर्षांत संपणार' असं म्हटल्यावर कोणता तरुण डॉक्टर किंवा कीटकशास्त्रज्ञ त्यात आयुष्य घालवेल? मलेरियाच्या आधी मलेरियातज्ज्ञांचंच निर्मूलन झालं, असा एक कडवट विनोद पुढे या क्षेत्रात रूढ झाला.

1971 पर्यंत नोंदलेले रुग्ण 13 लाखांवर गेले. 1973 मध्ये आसामात क्लोरोक्वीनला दाद न देणारा मलेरिया आढळला. आणि 1976 मध्ये देशात 64 लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. 1977 मध्ये सुधारित कार्ययोजना आली. तिची उद्दिष्टं जमिनीवरची होती : मृत्यू टाळा, आजारपण कमी करा, जे मिळवलंय ते टिकवा. मलेरिया रिसर्च सेंटर सुरू झालं ते याच वर्षी.

सतरा रुग्णांवरून पाच लाखांवर

शेजारच्या श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये, हेच नाट्य आणखी ठळकपणे घडलं. 1934-35 च्या साथीत तिथे सुमारे 80 हजार माणसं गेली होती. डीडीटी आल्यावर रुग्ण कमी होत गेले आणि 1963 मध्ये साऱ्या बेटावर फक्त 17 रुग्ण सापडले. त्यातलेही बरेचसे बाहेरून आलेले. फवारणी थांबवण्यात आली.

पुढच्या काही वर्षांत पाऊस ओढला. तिथला मुख्य डास नदी आटल्यावर पात्रात उरणाऱ्या डबक्यांत वाढतो. म्हणजे दुष्काळ हाच त्याचा सुगीचा काळ. जंगलात नव्या वसाहती होत होत्या, रत्नं शोधायला माणसं जात होती, आणि मलेरिया न झालेली एक नवी पिढी वाढली होती. तिच्या शरीराला या रोगाची ओळखच नव्हती. 1969 मध्ये रुग्णसंख्या 5 लाखांच्या पुढे गेली. जागतिक आरोग्य परिषदेनेही त्याच वर्षी आपलं निर्मूलनाचं धोरण बदललं.

सतरा रुग्ण म्हणजे जवळजवळ शून्यच, असं आपलं मन म्हणतं. डासाच्या हिशेबात सतरा ही भरपूर मोठी संख्या आहे.

मन असं का करतं?

1980 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील वाइनस्टाइन यांनी एक साधा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अडीचशेहून अधिक विद्यार्थ्यांना 42 घटनांची यादी दिली. चांगली नोकरी, स्वतःचं घर, घटस्फोट, हृदयविकार, दारूचं व्यसन, वगैरे. प्रत्येकाने सांगायचं होतं, की आपल्या वर्गमित्रांच्या तुलनेत ही गोष्ट आपल्या बाबतीत घडण्याची शक्यता किती. उत्तरांची सरासरी काढली तर चित्र असं निघालं : चांगल्या गोष्टी माझ्या वाट्याला जास्त येतील, वाईट गोष्टी इतरांच्या. एकेका विद्यार्थ्याचं उत्तर चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. पण सगळ्यांचाच धोका सरासरीपेक्षा कमी असू शकत नाही!

1987 मध्ये त्यांनी न्यू जर्सीतल्या सर्वसाधारण प्रौढ नागरिकांना आरोग्याच्या धोक्यांबद्दल असंच विचारलं. तिथेही तेच दिसलं. हा आशावाद कधी बळावतो, हेही त्यातून पुढे आलं. त्या धोक्याचा स्वतःला अनुभव नसेल तेव्हा. तो धोका आपल्या हातात आहे, आपण टाळू शकतो, असं वाटतं तेव्हा. तो धोका दुर्मीळ आहे असं वाटतं तेव्हा. आणि चौथी, सगळ्यात फसवी समजूत : 'इतके दिवस काही झालं नाही, म्हणजे पुढेही होणार नाही.'

हा अभ्यास व्यक्तींचा आहे, सरकारी कार्यक्रमांचा नाही. कार्यक्रम बिघडण्यामागे पैसा, युद्ध, राजकारण, प्रशासन अशी कितीतरी कारणं असतात. तरी या चार गोष्टी 1965 च्या भारताशेजारी ठेवून पाहा. तरुण डॉक्टरांनी मलेरियाचे रुग्ण मोजकेच पाहिलेले. हातात डीडीटी आणि क्लोरोक्वीन, म्हणजे सगळं आपल्या ताब्यात. रोग दुर्मीळ झालेला. आणि गेली काही वर्षं मोठी साथ नाही. चारही अटी पूर्ण होत्या.

म्हणून मला वाटतं, अवास्तव आशावादाचा खरा धोका संकटाच्या वेळी नसतो. 1947 मध्ये 'आपण हा रोग हटवू' असं म्हणणारी माणसं नसती, तर एकाही घरात फवारणी झाली नसती. त्या आशेने लाखो जीव वाचवले. धोका यश आल्यानंतर सुरू होतो. यश मिळालं ते ज्या कामामुळे, ते काम आता अनावश्यक वाटू लागतं. छत्री असल्यामुळे आपण कोरडे आहोत हे विसरून, 'आपण कोरडे आहोत, मग छत्री कशाला?' असं आपण विचारतो.

दवाखान्यातला डीडीटी

फिजिशियनच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. शब्द वेगळे असतात इतकंच. "डॉक्टर, बीपी तर आता एकदम नॉर्मल आहे, मग गोळी चालू कशाला ठेवायची?" बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे. गोळी बंद केल्यावर काही आठवडे कदाचित काहीच जाणवत नाही, आणि 'बघा, काही झालं नाही' ही समजूत पक्की होते. मोजणंही थांबलेलं असतं. मग पुढची नोंद थेट अर्धांगवायूचा झटका आल्यावर होते.

मधुमेहात तेच. तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आली की चालणं थांबतं, जेवणाची पथ्यं सुटतात, पुढची तपासणी लांबते. दम्याचा पंप श्वास मोकळा झाला की कपाटात जातो. क्षयाच्या उपचारात पहिल्या दोन महिन्यांतच खोकला, ताप कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं. नेमके तेव्हाच कित्येकजण औषधं सोडतात. रोग अजून फुप्फुसात असतो आणि अर्धवट औषधांना सरावण्याची संधी त्याला मिळते.

मलेरियाचंच उदाहरण घ्या. आपल्याकडे व्हायवॅक्स नावाचा मलेरिया बराच आढळतो. त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात. रक्तातले जंतू मारणाऱ्या गोळ्यांनी ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण यकृतातल्या झोपलेल्या जंतूंसाठी प्रिमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स लागतो. ताप गेल्यावर अकरा-बारा दिवस गोळ्या घ्यायच्या म्हणजे धीराची परीक्षा. कोर्स अर्धवट सोडला, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप परत येऊ शकतो. (हे औषध मनाने घेऊ नये. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची कमतरता असलेल्यांना आणि गर्भवतींना ते धोक्याचं ठरतं.) ताप नाही याचा अर्थ जंतू नाही, असा होत नाही. देशाच्या बाबतीत 1961 साली जे झालं, तेच एका यकृतात चौदा दिवसांत घडतं.

तंबाखूच्या बाबतीत तर वाइनस्टाइन यांची चौथी समजूत शब्दशः ऐकू येते. "वीस वर्षं खातोय, काही झालं नाही." या वाक्यातली वीस वर्षं सुरक्षिततेचा पुरावा म्हणून सांगितली जातात. डॉक्टर त्यांच्याकडे धोक्याची बेरीज म्हणून पाहतो.

मग आशा सोडायची का?

मुळीच नाही. ज्या देशात मलेरियाचा डाव फसला, त्याच देशाने देवी आणि पोलिओ घालवले. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण मे 1975 मध्ये सापडला. त्यानंतर लगेच विजय जाहीर झाला नाही. सुमारे दोन वर्षं शोध चालू राहिला. रुग्ण दाखवणाऱ्याला 1,000 रुपयांचं बक्षीस होतं. 1975 मध्ये ही रक्कम लहान नव्हती. रोग संपत आला असताना तो शोधण्यावरचा खर्च वाढवला गेला. देवी आणि मलेरियात मोठे फरक आहेत, हे खरं. देवीला एका लशीने काही वर्षांचं संरक्षण मिळे, मध्ये डास नव्हता, आणि रोग चेहऱ्यावरच दिसे. पण शून्यानंतरही शोधत राहण्याची शिस्त हा त्यातला समान धडा आहे.

पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला आणि मार्च 2014 मध्ये प्रमाणपत्र मिळालं. तरी आजही 15 वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर त्याची खबर दिली जाते आणि शौचाचे नमुने तपासले जातात. पोलिओचे डोसही चालू आहेत. "पोलिओ गेला ना, मग डोस कशाला?" असं विचारणाऱ्या आईवडिलांना मी मलेरियाची हीच गोष्ट सांगतो.

आणि श्रीलंका? तिथे 2012 च्या ऑक्टोबरनंतर स्थानिक मलेरियाचा रुग्ण सापडला नाही आणि सप्टेंबर 2016 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो देश मलेरियामुक्त जाहीर केला. या वेळी मात्र पाहणं थांबलं नाही. परदेशातून येणाऱ्यांच्या तापावर नजर राहिली, डासांची पाहणी चालू राहिली. त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नार भागात ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा बेटावर पूर्वी कधी न आढळलेला डास सापडला. प्रमाणपत्र भिंतीवर टांगून सगळे घरी गेले असते, तर तो दिसलाच नसता. सापडल्यामुळे त्याच्यामागे लागता आलं.

वास्तव आशावाद तो हाच. 'सगळं ठीक होईल' या विश्वासासोबत 'ठीक आहे की नाही हे कोण आणि कधी मोजणार?' हा प्रश्न त्यात असतो. भारताने 2030 पर्यंत मलेरिया निर्मूलनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ते गाठलं जावं असं मलाही वाटतं. त्यासाठी रुग्ण कमी झालेल्या जिल्ह्यांतली रक्ततपासणी आधी बंद होणार नाही, एवढं पाहायला हवं.

आपल्यापुरतं काय करता येईल? रिपोर्ट चांगला आला की आनंद जरूर मानावा. मग स्वतःला एक प्रश्न विचारावा : हा चांगला आला तो कशामुळे? उत्तरात गोळी असेल, चालणं असेल, पथ्य असेल, तर ते उद्याही लागणार आहे. आणि काही बंद करायचंच असेल, तर ते डॉक्टरांशी बोलून, हळूहळू आणि मोजत मोजत करावं. औषध कमी करणं कित्येकदा शक्य असतं. वजन उतरलेल्या, नियमित व्यायाम करणाऱ्या माणसाची बीपीची गोळी खरोखरच कमी होऊ शकते. फक्त पुढच्या तपासणीची तारीख आधी लिहून ठेवा, गोळी नंतर कमी करा.